पाळीची वेळ आणि सभासदाचा ऊस



गळीत हंगामात शेतकी खात्याकडे एक तक्रार हमखास येते. "आमचा ऊस गाडीत वाळून राहिला, अन् काट्यावरचा माणूसच जागेवर नाही!" ऊस वेळेवर तोडा, पाचट काढून स्वच्छ पाठवा, असे आम्ही तुम्हाला वर्षभर सांगत असतो. मग कारखान्यातली माणसे वेळेवर येतात की नाही, हे विचारण्याचा हक्क तुम्हालाही आहेच. म्हणून या वेळी बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून वेळेच्या शिस्तीबद्दल लिहीत आहे.

दहा मिनिटांनी काय बिघडते?

कचेरीतला कारकून दहा मिनिटे उशिरा आला तर त्याचे काम साचते आणि संध्याकाळपर्यंत उरकतेही. गाळपाचे तसे नाही. कारखाना चोवीस तास तीन पाळ्यांत चालतो. बॉयलरवरचा माणूस बदली आल्याशिवाय जागा सोडू शकत नाही. आठ तास राबलेला तो माणूस आणखी तासभर वाफेच्या दाबावर नजर ठेवत बसतो. त्यात जिवाचा धोका आहे. शिवाय जादा कामाला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो. म्हणजे उशीर एकाचा, भुर्दंड सर्व सभासदांचा.

आता उसाचा हिशोब पाहू. रोज २५०० टन गाळणारा कारखाना धरला तर तासाला सुमारे १०४ टन ऊस लागतो. गव्हाण पंधरा मिनिटे थांबली की २६ टन ऊस गाडीतळावर तसाच राहतो, आणि मागची रांग तेवढीच लांबते.

तोडलेला ऊस थांबत नाही. त्यातले पाणी उडते आणि वजन घटते. ते नुकसान त्या एका सभासदाचे. त्याबरोबर उसातल्या साखरेचे विघटन सुरू होते, जंतू वाढतात आणि उतारा खाली येतो. ते नुकसान सगळ्यांचे. म्हणून तोडणीपासून २४ तासांच्या आत गाळप व्हावे असे आम्ही सांगतो. जळालेल्या उसाला तर त्याहून घाई.

उताऱ्याची किंमत आकड्यांत सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्का वाढीला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. शंभर टन ऊस घालणाऱ्यास हे ३४६० रुपये होतात. उतारा केवळ उशिराने पडतो असे नाही. जात, जमीन, पाणी, तोडणीचे वय ही कारणेही आहेतच. पण बाकी सगळे नीट करून वेळेपायी उतारा घालवणे शहाणपणाचे नव्हे.

आधी कारण, मग दंड

"कापा पगार, आपोआप येतील वेळेवर," असे पुष्कळ जण म्हणतात. याबाबत आपल्या नागपूरचाच दाखला घेण्यासारखा आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तेव्हा इथल्या कामगाराला भोंग्यावर चालण्याची सवय नव्हती. शंभरात वीस माणसे गैरहजर असणे ही नेहमीचीच गोष्ट होती, असे टाटांच्या चरित्रात नमूद आहे. टाटांनी नुसता दंडाचा बडगा उगारला नाही. चांगल्या कामगारांना बक्षिसे दिली, कुटुंबांसह मेळावे आणि खेळ भरवले, गिरणीतली हवा सुसह्य करणारी यंत्रे बसवली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू केली. काम टिकवण्यात आपलेही हित आहे असे माणसाला वाटले पाहिजे, हा त्यामागचा विचार. आज ती गिरणी राहिली नाही, पण विचार जुना झालेला नाही.

तेव्हा उशिरा येणाऱ्याला प्रथम कारण विचारावे. हिंगण्याच्या एमआयडीसीत ज्यांची मुले पाळीने जातात त्यांना हे नव्याने सांगायला नको. एस.टी. पाळीच्या वेळेशी जुळत नाही, मध्यरात्री वाहन मिळत नाही, घरात आजारपण असते. चार गावच्या माणसांसाठी एक गाडी लावली किंवा दोघांच्या पाळ्या आपसात बदलल्या तरी पुष्कळदा प्रश्न सुटतो. कारण नसताना रोजच उशीर करणारा मात्र वेगळा. त्याला आधी तोंडी समज, मग लेखी, मग नियमाप्रमाणे कारवाई. ही पायरी चुकवू नये.

पगार कापण्यालाही मर्यादा आहे. जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता तेवढ्याच प्रमाणात कपात करता येते. हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापला तर तंटा उभा राहतो, आणि भर हंगामात तंटा कोणालाच परवडत नाही.

नोंद एकच, सर्वांना सारखी

पूर्वी बिल्ला आणि मस्टर होते, आता अंगठ्याचे यंत्र आले. पण यंत्र फक्त फाटकातली वेळ सांगते. माणूस आठला आत आला आणि साडेआठला जागेवर गेला, तर ते यंत्राला कळत नाही. म्हणून खातेप्रमुखाने पाळी बदलताना स्वतः जागेवर हजर असावे, आणि सुटणाऱ्याने येणाऱ्याला कामाची माहिती देऊनच निघावे. गाळप बंद राहिले की "ऊस नाही", "यांत्रिक बिघाड", "सफाई" अशी कारणे लिहिली जातात. "बदली माणूस उशिरा आला" हे कारणही त्यात स्वतंत्र लिहिले जावे. जे लिहिले जात नाही ते सुधारतही नाही. आणि ही नोंद साहेबांपासून चिटबॉयपर्यंत सर्वांना लागू असावी. आम्हा शेतकी खात्याच्या लोकांनाही.

सभासदांचे काम

सहकारी कारखान्यात एक अडचण खासगीत नसते. उशिरा येणारा कोणाचा तरी भाचा असतो, कोणाचा तरी व्याही. नोटीस निघाली की संध्याकाळी निरोप येतो, "आपलाच पोरगा आहे, जाऊ द्या." असा निरोप देणाऱ्याचाच ऊस दुसऱ्या दिवशी रांगेत वाळत असतो. तेव्हा विनंती अशी, की शिफारस करू नये. त्यापेक्षा वार्षिक सभेत विचारावे: या हंगामात गाळप किती तास बंद राहिले, आणि कशाकशामुळे?

वेळ आपणही पाळावी. तोडणी चिठ्ठी आल्याशिवाय ऊस तोडू नये. आल्यावर टोळीला फडात ताटकळत ठेवू नये. सगळ्यांनी सकाळीच गाड्या आणल्या तर काट्यावर कितीही माणसे बसवली तरी रांग लागणारच.

आणि कारखान्यानेही आपली वेळ पाळावी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज लागते. कामगाराकडून मिनिटांचा हिशोब मागणाऱ्या कारखान्याने सभासदाला दिवसांचा हिशोब चोख द्यावा. तरच वेळेची गोष्ट बोलण्याचा अधिकार त्याला राहील.

— ऊस विकास अधिकारी