जमिनीतील जड धातू आणि ते उचलणाऱ्या वनस्पती

पंचगंगेच्या पाण्यावर कोल्हापूरपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत ऊस, भाजीपाला व वैरण पिकते. वाटेत शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणीही त्याच नदीत मिसळते. अशा सांडपाण्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे जड धातू असल्यास ते मातीत साचत जातात. वनस्पतींच्या साहाय्याने ते काढता येतील काय, असा प्रश्न शेतकरी विचारू लागले आहेत.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. झेंडू, चिनी गुलाब यांसारख्या वनस्पती कापडरंगांचे विघटन करतात, हे शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगांती दाखविले आहे. रंग हे संयुग असल्याने मोडते. धातू मोडत नाही, कुजत नाही; तो मातीतून निघून पिकात जातो, इतकेच.

काही वनस्पतींची ही शक्ती विलक्षण असते. न्यू कॅलेडोनिया या उष्ण प्रदेशातील बेटावरील एका वृक्षाचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा असतो, अशी नोंद १९७६ साली झाली. सोमल शोषणारा एक नेचा २००१ साली उजेडात आला. तो भारतातही उगवतो. मोहरी व सूर्यफूल ही त्या मानाने कमी धातू उचलतात, पण त्यांची वाढ जोमदार असते. वाळा बराचसा धातू मुळांतच अडवून ठेवतो. नाल्याकाठी तो अधिक उपयोगी.

शिरोळ भागातील काळ्या, चुनखडीच्या जमिनीत शिसे व कॅडमियम मातीला घट्ट चिकटून राहतात, त्यामुळे तेथे मोहरीही फारसे उचलू शकत नाही. पश्चिमेकडील आम्लधर्मी तांबड्या जमिनीत ते सहज सुटे होतात. नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेत शिसे, कॅडमियम यांचा उल्लेख नसतो. त्यांची तपासणी निराळी करून घ्यावी लागते.

सर्वांत मोठा धोका कापणीनंतरचा. धातू काढण्यासाठी लावलेली मोहरी कोणी खाऊ नये, म्हशीला घालू नये. हिरवळीचे खत म्हणून गाडल्यास धातू पुन्हा त्याच रानात परततो. जाळल्यास तो राखेत उरतो व काही धुरावाटे पसरतो. ते पीक वाळवून, वेगळे बांधून, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडेच सोपविले पाहिजे. ती सोय आधी न करता पेरणी करणे व्यर्थ होय. शिवाय एका-दोन हंगामांत हे काम होत नाही, आणि दूषित पाणी चालूच राहिले तर कधीच होत नाही. तोवर अशा रानात पालक, मेथी न घेता फुलांसाठी झेंडू घ्यावा. त्याचा पालाही जनावरांपुढे टाकू नये.