जुन्या चामडी जिल्दीची पारख : वय कसे ओळखावे?

जुन्या बाजारात चामड्याची नक्षीदार जिल्द हाती आली की विकणारा हमखास म्हणतो, "दोनशे वर्षांचा माल आहे." पुष्कळदा तो माल साठ-सत्तर वर्षांचाही नसतो. दुसरीकडे, जी जिल्द खरोखर मोलाची असते ती किताबापासून फाडून भिंतीवरच्या चौकटीत बसवली जाते आणि आतली पाने रद्दीत वजनावर जातात. पहिल्या व्यवहारात घेणारा फसतो. दुसऱ्यात विकणाऱ्याचे नुकसान होते आणि एक वारसाही कायमचा नष्ट होतो. चोर बाजारातून खरेदी करणाऱ्यांनी, तसेच वाडवडिलांची किताबांची पेटी विकायला काढणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जिल्दीचे वय वेगळे, किताबाचे वेगळे

ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किताब वापरात असली की तिची जिल्द झिजते आणि जिल्दसाज नवी चढवतो. त्यामुळे तीनशे वर्षांच्या कलमी नुस्ख्यावर ऐंशी वर्षांची जिल्द असू शकते. जुनी रिकामी जिल्द नव्या किताबावर चढवल्याचेही आढळते. दोन्ही एकाच काळातील आहेत की नाहीत, हे वाळवी आणि कसर सांगतात. किड्याचे भोक पानांतून सरळ जिल्दीपर्यंत गेले असेल तर कीड लागली तेव्हा ती जिल्द तिथेच होती. शेवटच्या पानाला भोके आहेत आणि जिल्द मात्र साबूत आहे, तर ती बहुधा मागाहून चढवलेली आहे. पाण्याच्या डागांनाही हाच नियम लावावा.

चामडे की रेक्झिन?

कापडाच्या धंद्यातील माणसाला ही परीक्षा सोपी आहे. फाटलेला कोपरा किंवा दुमडलेली कड भिंगाखाली पाहावी. आत ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे दिसले तर तो लेप दिलेला कापडी माल आहे. खऱ्या चामड्यात धागे नसतात, गुंतलेले बारीक तंतू असतात. वरचे दाणेही पाहावेत. बकऱ्याच्या कातड्याचे दाणे एकसारखे नसतात, पाठीकडे दाट आणि पोटाकडे विरळ होतात. छापील चिटाप्रमाणे तीच नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा येत असेल तर ती यंत्राने दाबलेली आहे. मात्र असे दाणे स्वस्त मेंढीच्या चामड्यावरही दाबतात, म्हणून दोन्ही खुणा एकत्र पाहाव्यात.

रेक्झिन हे मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्रजी मालाचे नाव. पुढे आपल्याकडे अशा सर्वच मालाला ते चिकटले. प्लॅस्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा लेप असलेला माल दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरला. चामड्याची कापलेली कड आतून निळसर करडी दिसली तर ते क्रोमने कमावलेले आहे. ही पद्धत १८८४ नंतर धंद्यात आली, म्हणून अशी जिल्द त्याहून जुनी नाही. जाळून पाहण्याची कापडबाजारातील परीक्षा मात्र येथे करू नये.

बांधणीची घडण

आपल्याकडे दोन घडणी मिळतात. पहिली इस्लामी मुलखांतील. तिच्यात पुठ्ठे पानांच्या बरोबरीने कापलेले असतात, बाहेर निघत नाहीत. पाठ सपाट असते. डाव्या पुठ्ठ्याला एक टोकदार झडप जोडलेली असते. तिला लिसान, म्हणजे जीभ म्हणतात. किताब मिटली की ती वरच्या पुठ्ठ्याखाली जाते. हिंदुस्थानातील पुष्कळ जिल्दींना ही झडप मुळातच नसते, म्हणून ती नाही एवढ्यावरून माल खोटा ठरवू नये. मधोमध बदामी किंवा गोल आकाराचा तुरंज आणि चार कोपऱ्यांत त्याचेच चतुर्थांश, ही ठरलेली रचना. फार जुन्या जिल्दींवर लहान लहान ठसे पुन्हा पुन्हा मारून भौमितिक नक्षी भरलेली असते. पूर्ण तुरंज एका मोठ्या ठशाने दाबण्याची पद्धत पंधराव्या शतकापासून रूढ झाली. बुखाऱ्याकडील एकोणिसाव्या शतकातील जिल्दींवर तुरंजाच्या वर-खाली छोटे ठसे असतात. त्यांत "अमल" या शब्दापुढे जिल्दसाजाचे नाव आणि कधी कधी हिजरी सनही असतो. उर्दू वाचणाऱ्याने ते भिंगाखाली जरूर वाचावे.

दुसरी घडण इंग्रजी. तिच्यात पुठ्ठे पानांबाहेर निघतात आणि पाठीवर पुष्कळदा आडवे उंचवटे असतात. सोनेरी नक्षी हाताची असेल तर ठशांची खोली कमी-जास्त आणि सांधे किंचित सरकलेले दिसतात. यंत्राच्या ठशात सर्व काही एकसारखे असते. कापडी बांधणीवर सोन्याचा यंत्रठसा १८३२ च्या सुमारास सुरू झाला. खरा सोन्याचा वर्ख काळा पडत नाही, पितळी वर्ख तपकिरी किंवा हिरवट होतो. शिवण तारेची असेल तर ती १८७० च्या दशकाअगोदरची नव्हे.

चामडे लाल भुकटी होऊन हाताला लागत असेल तर केवळ त्यावरून ते प्राचीन समजू नये. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने १९०१ मध्ये बांधणीच्या चामड्याची तपासणी केली, तेव्हा हिंदुस्थानातून जाणारे, तरवडाच्या सालीने कमावलेले चामडे तिने पुस्तकांसाठी अयोग्य ठरवले. अशा जिल्दी दहा वर्षांच्या आतही खराब होताना आढळल्या होत्या. तात्पर्य, जीर्ण म्हणजे जुने नव्हे. अशा जिल्दीला तेल किंवा पॉलिश लावू नये, डाग पडून भाव आणखी उतरतो.

आतील कागद बोलतो

पुठ्ठा पुष्कळदा रद्दी कागद चिकटवून केलेला असतो. कोपरा उकललेला असेल तर आत एखादे हिशेबाचे पान किंवा छापील तुकडा दिसतो. त्यावर सन असेल तर जिल्द त्याहून जुनी असूच शकत नाही. यासाठी पुठ्ठा मुद्दाम उकलू मात्र नये. कोरी पाने उजेडासमोर धरावीत. इंग्लंडच्या अनेक कागदांत १७९४ नंतर पाणछाप्यात वर्षही सापडते. खुलताबादजवळच्या कागझीपुऱ्यासारख्या ठिकाणच्या हातकागदात असा छापा नसतो.

शेवटच्या पानावरील हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. १३१० हिजरी म्हणजे १८९२-९३. पण तो सन रचनेचा, नकलेचा की छपाईचा, हे वाक्य वाचून ठरवावे. "मतबा" शब्द असेल तर ती छापील किताब आहे. लखनौचा नवलकिशोर छापखाना १८५८ मध्ये सुरू झाला. तेथील आणि मुंबईतील शिळाछापाच्या किताबा हाताने लिहिल्यासारख्या दिसतात आणि "कलमी" म्हणून विकल्या जातात. भिंगाखाली कलमी अक्षरात शाई कुठे दाट तर कुठे फिकी दिसते. शिळाछापात ती सर्वत्र सारखी असते.

रिकामी वेष्टने

किताबाशिवाय नुसते चामडी वेष्टन मिळाले, आत पुस्तकाचे पुठ्ठे सरकवण्याचे खिसे असले आणि वर रंगीत, उठावाची नक्षी असली तर शांतिनिकेतनची शक्यता प्रथम तपासावी. जवळच्या श्रीनिकेतनची स्थापना १९२२ ची आणि हे काम त्यानंतर फैलावले. त्याला "मोगलकालीन" म्हणणे ही फसवणूक आहे. आत प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर काळ आणखी अलीकडे येतो.

कायदा आणि व्यवहार

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार ऐतिहासिक, साहित्यिक, शास्त्रीय किंवा कलात्मक मोल असलेले, किमान ७५ वर्षांचे हस्तलिखित पुरावशेष ठरू शकते. इतर कलावस्तूंसाठी ही मुदत १०० वर्षांची आहे. अशा मालाचा धंदा करण्यास परवाना लागतो. खासगी व्यक्तीला तो परदेशी पाठवता येत नाही आणि बेकायदा निर्यातीस सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. आखातातील गिऱ्हाइकाला पार्सल करण्यापूर्वी हे जरूर ध्यानात घ्यावे.

भाव करताना तीन प्रश्न विचारावेत : जिल्द किताबासह आहे काय? काळाचा लेखी पुरावा आहे काय? दुरुस्ती कुठे झाली आहे? नजर तयार करायची तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय किंवा पाटण्याची खुदाबख्श लायब्ररी यांचा संग्रह पाहावा. विकणाऱ्याने पावतीवर जेवढे सिद्ध होते तेवढेच लिहावे, जसे "बकऱ्याचे चामडे, शिळाछाप, १३१० हिजरी, जिल्द नंतरची". ऐब सांगून विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक परत येते. आणि जिल्द किताबापासून वेगळी कधीच करू नये, कारण तिचे वय सांगणारा साक्षीदार आतल्या पानांतच बसलेला असतो.