पडवीतली जावा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० नंतर चेकोस्लोव्हाक परवान्यान्वये घडू लागलेली, आणि १९७३ पासून येझदी हे नाव धारण केलेली अडीचशे सीसीची मोटरसायकल, तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडल्यावरही अनेक घरांच्या पडवीत गोणपाटाखाली टिकून राहिली, याचे श्रेय तिच्या रचनेतील साधेपणाला द्यावे लागेल. सिलिंडर एक, झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. धुराला मात्र दोन वाटा, म्हणून सायलेन्सर दोन. आणि जो दांडा मागे फिरवला असता किक होतो, तोच पुढे आणला की गिअर होतो, शिवाय त्यावर पाय पडताच क्लच आपोआप सुटतो.

अशा गाडीचा जीर्णोद्धार आरंभणारा गृहस्थ बहुधा रंग आणि क्रोम यांपासून सुरुवात करतो, आणि दगडी देवळाला ऑइलपेंट फासणाऱ्या विश्वस्तांप्रमाणे दर्शनी शोभेत कृतकृत्य होतो. वास्तविक टू-स्ट्रोक यंत्राचे मर्म क्रँककेसमध्ये आहे. पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण प्रथम तेथेच ओढले जाते, आणि तेथूनच ते पिस्टनच्या वर चढते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल सील वाळून चिरले असतील, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, आणि नव्याने बोअर केलेल्या सिलिंडरातही पिस्टन तापून जाम होतो. तेव्हा सील, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड आधी, मिरवणूक मागाहून. सायलेन्सरमधला कार्बन काढणे, पॉइंट घासून त्यांत ०.४ मिलिमीटर अंतर ठेवणे, सहा व्होल्टच्या डायनॅमोचे ब्रश बदलणे ही कामे घरी सुखेनैव होतात. परंतु क्रँक हा दाबून बसवलेल्या भागांचा असल्यामुळे, तो उघडून पुन्हा एका रेषेत आणण्यास जाणता लेथवालाच हवा, आणि तेथे घरच्या हातोडीचा पराक्रम गाजवणे हा निव्वळ अत्याचार होय.

सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी वा बुधवारी हिंडून मिळाले तर मिळतात. नवे नकली भाग चकचकीत असतात, पण थोडासा झिजलेला अस्सल भाग मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

राहता राहिला सरकारी दफ्तराचा प्रश्न. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीस २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ हा दर्जा देऊ केला, आधी नोंद असल्यास जुना क्रमांक कायम ठेवण्याची मुभा दिली, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क ठरवले. मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही अटही घातली. दररोजच्या वापरास अशा गाडीला मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे अशा ठरावीक कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.