सागवानी युद्धनौका

परभणीकडच्या जुन्या वाड्यांतील सागवानी खांब तुम्ही पाहिले असतील. याच लाकडाची एक ब्रिटिश शिडाची युद्धनौका आजही पाण्यावर तरंगत आहे, आणि ती बांधली गेली मुंबईत!

तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई पडली होती. म्हणून जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागापासून ही नौका बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली.

सागच का? सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तो सहजासहजी कुजत नाही. ओकमधील टॅनिनमुळे लोखंडी खिळे गंजतात; सागात ते टिकतात.

ती इंग्लंडला पोहोचली तेव्हा युद्ध संपले होते. १८४७ पासून तिने दूरच्या समुद्रांत गस्त घातली. पुढे तिच्यावर नौकानयनाचे शिक्षण दिले जाई. दुरुस्तीनंतर आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे.

टॅनिनचा प्रताप पाहायचा आहे? बाभळीची साल पाण्यात उकळा, गाळा आणि थंड झाल्यावर त्यात गंजका खिळा टाका. पाणी हळूहळू काळे होईल. हेच सागाच्या तुकड्यांनी करून पाहा आणि फरक वहीत नोंदवा.