हेलिकॉप्टर पायलटचे दप्तर

बेगमपेठच्या बाजूला राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. हकीमपेठला तर हवाई दलाची हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळाच आहे. वर उडणारे यंत्र सर्वांना दिसते, पण पायलटच्या हाताशी असलेली पिशवी दिसत नाही. तिच्यात कोणते नकाशे आणि कोणत्या पुस्तिका असाव्यात, हे ठरविणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो.

प्रवासी विमान उंचावरून ठरलेल्या हवाई मार्गाने जाते. हेलिकॉप्टर मात्र बरेचदा जमिनीपासून थोड्याच उंचीवर, विजेच्या तारा व मनोरे चुकवीत जाते आणि शाळेच्या मैदानावरसुद्धा उतरते. त्यामुळे पहिला प्रश्न येतो प्रमाणाचा. १:१०,००,००० या आंतरराष्ट्रीय हवाई नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर. ताशी २२० किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेतीन मिनिटांत संपते. एवढ्याशा जागेत लहान टेकडी कशी दाखविणार? १:५०,००० च्या नकाशावर ती टेकडी, तिच्या समोच्च रेषा, तलाव, देऊळ सगळे दिसते. पण त्यावर दर मिनिटाला सात सेंटिमीटरहून अधिक कागद मागे पडतो, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला चार मीटरहून लांब पट्टा! म्हणून वाटेसाठी १:२,५०,००० चा आणि उतरण्याच्या जागेसाठी १:५०,००० चा नकाशा घेणे सोयीचे. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे.

इथे एक खाचखळगा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आजच्या नकाशांत उंची मीटरमध्ये असते, तर पायलटचे उंचीमापक फुटांत. नल्लमलातील ९०० मीटरचे शिखर म्हणजे सुमारे २,९५० फूट. हे रूपांतर जमिनीवर असतानाच करून नकाशावर लिहून ठेवावे लागते.

दुसरा प्रश्न तारखेचा. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेठची नियमित प्रवासी वाहतूक थांबली. त्याआधीचा नकाशा कितीही सुबक असला तरी आज उपयोगाचा नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या अधिकृत माहिती-ग्रंथात असे मोठे बदल आधी ठरलेल्या तारखांना, २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात. मधल्या काळातल्या सूचना, उदाहरणार्थ नवी क्रेन किंवा बंद धावपट्टी, ‘नोटॅम’मधून कळतात. खासगी प्रकाशनांत जेपसेनचे नाव मोठे. एल्रे जेपसेन हे अमेरिकेतील टपाल-विमानाचे पायलट. स्वतःसाठी वहीत केलेल्या नोंदी त्यांनी १९३४ पासून इतरांना विकायला सुरुवात केली. हे नकाशे उपकरणांच्या आधारे विमानतळावर उतरण्यासाठी उत्तम. पण खेड्यातल्या मैदानाचा नकाशा तिथे मिळायचा नाही.

आता पुस्तिका. २ सप्टेंबर २००९ रोजी एकत्रित आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी बेगमपेठहून चित्तूरकडे निघाले. त्यांचे बेल ४३० हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळले आणि आतील पाचही जण दगावले. चौकशी समितीने खराब हवामान आणि हवेचा जोरदार अधोगामी झोत ही कारणे दिलीच, पण आणखी एक गोष्ट नोंदविली. तेलाच्या दाबाबद्दल इशारा मिळाल्यावर काय करावे, हे पुस्तिकेत शोधण्यात वैमानिकांची सहा मिनिटांहून अधिक वेळ गुंतवणूक झाली, आणि हवे ते पान सापडले नाही. ते अनुभवी वैमानिक होते, हे लक्षात घ्या.

म्हणून तातडीच्या प्रसंगाची पुस्तिका निवडताना ती नेमक्या त्याच मॉडेलची आहे ना, शेवटच्या दुरुस्तीपर्यंतची पाने लावली आहेत ना, हे पाहतात. खुणेच्या पट्ट्या आणि ढगाळ उजेडातही वाचता येतील अशी अक्षरे हवीत. आमच्या मते खरी परीक्षा सोपी आहे: यंत्र बंद असताना सहकाऱ्याने बिघाडाचे नाव घ्यावे आणि पायलटने किती सेकंदांत पान उघडले ते मोजावे.

आता बरेच पायलट टॅब्लेट वापरतात. त्यावर स्वतःची जागा हलत्या ठिपक्याने दिसते, ही मोठीच सोय. पण उन्हात तापून तो बंद पडू शकतो, म्हणून कागदी नकाशा किंवा दुसरा टॅब्लेट जवळ ठेवतात.

पायलट होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी भूगोलाच्या तासाला हैदराबादचा ५६ के हा नकाशा मागावा, बोट ठेवून बेगमपेठपासून दक्षिणेकडे निघावे आणि वाटेतील प्रत्येक टेकडीची उंची फुटांत लिहावी.