ब्राझीलचीं कुरणें व कोरड्या ऋतूंतील पूरक खुराक

कुरणांत गुडघाभर गवत उभें असतांही त्यांत चरणारें जनावर दिवसेंदिवस वाळत जातें, हा प्रकार आपणांपैकीं बहुतेकांनीं माघ-फाल्गुनानंतर पाहिलेला आहे. गवत आहे, पाणी आहे, रोग नाहीं. मग जनावर कां खंगतें? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ब्राझील देशांत पुष्कळ झालेला आहे, व तेथील अनुभव आपल्याही उपयोगाचा आहे. यास्तव त्या देशांतील रीतीची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे.

ब्राझीलांत वीस कोटींहून अधिक गुरें असून त्यांतील बहुसंख्य गुरांच्या अंगीं आपल्या देशाचें रक्त आहे. तेथें ज्यांस ‘नेलोर’ म्हणतात तीं मूळचीं आंध्रांतील ओंगोल जातीचीं गुरें होत. नेल्लोर गांवावरून त्यांस हें नांव पडलें. आपली गीर जात तेथें त्याच नांवानें, व कांक्रेज जात ‘गुझेरा’ या नांवानें ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकापासून हीं गुरें तिकडे जाऊं लागलीं, व शेवटची मोठी आयात इ. स. १९६२ मध्यें झाली. तेथें तीं मुख्यत्वें मांसासाठीं पाळतात. महाराष्ट्रांत इ. स. १९७६ च्या कायद्यानें गाईची, व इ. स. २०१५ च्या दुरुस्तीनें बैल व वळू यांचीही कत्तल बंद आहे. आपला हेतु नांगर, गाडी व दूध हा आहे. तथापि हेतु निराळा असला तरी जनावराचें पोट तेंच आहे, व पोटाचे नियमही तेच आहेत.

ब्राझीलच्या मध्यभागीं ‘सेराडो’ नांवाचा विस्तीर्ण पठारी प्रदेश आहे. तेथें पाऊस साधारणपणें आक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पडतो, व मे ते सप्टेंबर हे महिने कोरडे जातात. जमीन आम्लधर्मी असून तींत स्फुरद फार थोडा. अशा जमिनींत तग धरणारें म्हणून आफ्रिकेंतून आणलेलें ब्राकिआरिया जातीचें गवत तेथें कोट्यवधि एकरांत लावलें आहे. आपल्याकडील पॅरागवत याच्याच कुळांतलें. इ. स. १९७३ मध्यें स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या सरकारी शेतकी संशोधन संस्थेनें इ. स. १९८४ मध्यें प्रसृत केलेलें ‘मरांडू’ हें त्यांतील फार प्रसिद्ध वाण होय.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. उष्ण देशांतील गवत पावसांत झपाट्यानें वाढतें व तितक्याच झपाट्यानें जून होतें. कोंवळेपणीं त्याच्या कोरड्या वजनांत शेंकडा दहाच्या आसपास प्रथिनें असतात. फुलोरा येऊन गवत वाळलें म्हणजे तें प्रमाण शेंकडा तीन-चारांवर येतें, आणि काडी टणक होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात. गवताची काडी पचवितात ते हे जंतु. जनावर स्वतः ती पचवूं शकत नाहीं. या जंतूंना वाढण्यास नत्र लागतो. वैरणींत प्रथिनें शेंकडा सातांच्या खालीं गेलीं कीं जंतूंची उपासमार सुरू होते, काडी पचण्यास विलंब लागतो, पोट रिकामें होत नाहीं, आणि पोट रिकामें नाहीं म्हणून जनावर खाणें कमी करतें. सारांश, गवताच्या राशींत उभें राहून जनावर उपाशी राहतें. तें आपल्या अंगावरील मांस जाळून जगतें, व हाच त्याचा खंगण्याचा अर्थ.

असें जनावर पावसाळ्यांत फुगतें व कोरड्या ऋतूंत आकसतें. ब्राझीलचे लोक त्यास एका वाद्यावरून ‘सांफोना बैल’ म्हणतात. आपण पेटीच्या भात्यासारखा बैल म्हणूं. एका ऋतूंत कमावलेलें दुसऱ्यांत गमावलें जातें, व जनावर वजनास येण्यास चार वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. पूरक खुराक देण्याची पद्धति तेथें पडली ती हा तोटा थांबविण्याकरितां.

हिशेब मांडल्याखेरीज कोणतीही गोष्ट पटूं नये, ही महसूल खात्यांतील जुनी संवय; म्हणून एक ढोबळ आंकडेमोड देतों. जनावर ३०० किलो वजनाचें आहे, व तें रोज वजनाच्या शेंकडा दोन, म्हणजे ६ किलो कोरडें गवत खावें अशी आपली इच्छा आहे. गवतांत प्रथिनें शेंकडा चार, म्हणजे एकूण २४० ग्रॅम. जंतूंस पाहिजेत शेंकडा सात, म्हणजे ४२० ग्रॅम. तूट १८० ग्रॅमची. सालासह काढलेल्या सरकीच्या पेंडींत प्रथिनें शेंकडा बाविसांच्या सुमारास धरलीं, तर सुमारें ८०० ग्रॅम पेंडीनें ही तूट भरते. म्हणजे एक किलोहून कमी पेंड सहा किलो गवत कामास लावते. अन्यथा तेंच जनावर त्या गवतापैकीं चार-साडेचार किलोच खाईल, व तेंही अर्धवट पचवील.

ब्राझीलांत या खुराकाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे मीठ, खनिजें व युरिया यांचें मिश्रण. हें दररोज शंभर ग्रॅमच्या आसपास खाल्लें जातें, व यानें जनावर वजन राखतें, पण फारसें वाढत नाहीं. दुसरी पायरी म्हणजे त्यांत पेंड व मका घालणें. हें मिश्रण दर किलो वजनामागें एक ते दोन ग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या जनावरास ३०० ते ६०० ग्रॅम पुरतें. त्यांतील मीठ मुद्दाम अधिक ठेवितात, जेणेंकरून जनावर आपण होऊन हात आंवरतें, व एखादें दांडगें जनावर सर्व गव्हाण फस्त करीत नाहीं. यानें कोरड्या ऋतूंतही दिवसाला दीडशे ते तीनशे ग्रॅमपर्यंत वजन वाढूं शकतें. तिसरी पायरी म्हणजे वजनाच्या शेंकडा एकपर्यंत धान्याचा खुराक. हा विक्रीपूर्वींच्या थोड्या काळापुरताच. कारण धान्य अधिक झालें कीं जनावर गवत सोडून धान्यावर अवलंबून राहतें, आणि काडी पचविणारे जंतु मंदावतात. मग फुकटचें गवत उभें राहतें व विकतचें धान्य संपतें.

येथें एक अट आहे, ती विसरतां कामा नये. पूरक खुराक गवताला पूरक आहे. गवताच्या ऐवजीं नव्हे. कुरण ओसाड असेल तर पेंडीनें कांहीं साधत नाहीं. म्हणून तेथील शहाणे शेतकरी पावसाळा संपण्यापूर्वींच, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, कुरणाचा कांहीं भाग बंद करून पुढील कोरड्या महिन्यांसाठीं राखून ठेवितात. आपल्याकडील राखीव कुरणाची रीत हीच.

दुसरी गोष्ट स्फुरदाची. ज्या जमिनींत स्फुरद नाहीं तिच्या गवतांतही तो नसतो. अशा कुरणांतील गुरें हाडें चघळूं लागतात, व कुजक्या हाडांतील विषानें मरतात. दक्षिण आफ्रिकेंत सर आर्नोल्ड थेलर यांनीं इ. स. १९२० च्या सुमारास या रोगाचें मूळ उघडकीस आणलें. स्फुरदयुक्त खनिज मिश्रणाचा खरा लाभ पावसाळ्यांत, जनावर वाढीस लागलेलें असतां मिळतो. कोरड्या ऋतूंत प्रथिनांची तूट आधीं भरली पाहिजे. कोणत्या ऋतूंत काय कमी आहे, तें ओळखून पैसा खर्चावा.

आतां युरियाविषयीं सावधगिरीचे दोन शब्द. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतो. जंतु त्यापासून प्रथिनें बनवितात, व त्या हिशेबानें १०० ग्रॅम युरिया सुमारें २८७ ग्रॅम प्रथिनांच्या बरोबरीचा होतो. म्हणून तो स्वस्त पडतो. परंतु तोच प्रमाणाबाहेर गेल्यास विष आहे. पोटांत त्याचा अमोनिया इतक्या वेगानें होतो कीं जंतूंस तो वापरतां येत नाहीं, व तो रक्तांत शिरतो. अर्ध्या-पाऊण तासांत जनावर थरथरतें, तोंडास फेंस येतो, पोट फुगतें, झोंकांड्या जातात, व तें दगावतें. ब्राझीलांत यासंबंधीं पुढील नियम पाळतात:

१. पहिल्या आठवड्यांत ठरलेल्या मात्रेचा तिसरा हिस्सा, दुसऱ्यांत दोन हिस्से, तिसऱ्यांत पूर्ण मात्रा. मध्यें कांहीं दिवस खंड पडल्यास पुन्हां पहिल्यापासून आरंभ.

२. संवय झाल्यावरही दर १०० किलो वजनास दिवसाला ४० ग्रॅमची मर्यादा ओलांडावयाची नाहीं.

३. गव्हाणीवर छप्पर, व तळाशीं भोंकें. पावसाचें पाणी सांचलें तर युरिया त्यांत विरघळतो, आणि तें पाणी पिणारें जनावर मरतें.

४. उपाशी जनावर, लहान वासरूं व घोडा-गाढव यांस युरिया वर्ज्य.

५. युरियाबरोबर गंधक हवें. म्हणून नऊ भाग युरियास एक भाग अमोनियम सल्फेट मिसळतात.

विषबाधा झाल्यास भरपूर थंड पाणी व व्हिनेगर पाजतात. आम्लानें अमोनियाचें रक्तांत शिरणें मंदावतें. पण हें काम पशुवैद्याच्या हातचें आहे. आडव्या पडलेल्या जनावराच्या घशांत जबरीनें कांहीं ओतूं नये.

आपल्याकडे याचा उपयोग कसा करावा? आपला कोरडा काळ मार्गशीर्षापासून मृगापर्यंत, म्हणजे ब्राझीलपेक्षां लांब व अधिक उष्ण. कुसळी, पवन्या हीं गवतें वाळलीं म्हणजे, व ज्वारीचा कडबाही, प्रथिनांत शेंकडा तीन-चारांचाच. ज्यांच्या घरीं पांच-दहा गुरें आहेत त्यांनीं युरियाच्या भानगडींत न पडतां पेंडीचाच मार्ग धरावा, हें बरें. भुईमुगाचा पाला व हदग्याचा पाला जपून ठेवावा. सुबाभळीचा पाला द्यावा, पण एकंदर वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नव्हे. युरिया द्यावयाचाच असेल, तर आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें प्रसृत केलेली युरिया, मळी व खनिजें यांची चाटण-वीट पशुवैद्याच्या सल्ल्यानें द्यावी. खताच्या पोत्यांतील युरिया मुठीनें गव्हाणींत टाकणें म्हणजे संकट ओढवून घेणें होय.

खुराक केव्हां सुरू करावा, हाही हिशेबाचा भाग आहे. पुष्कळ लोक बैलाचीं हाडें दिसूं लागल्यावर, वैशाखांत, पेंड आणावयास धांवतात. तोंपर्यंत गवत संपलेलें असतें, पेंड महाग झालेली असते, व गेलेलें मांस तीन आठवड्यांत परत येत नाहीं. मृगाचा पाऊस पडला कीं नांगर-कुळवास तोच दुर्बळ बैल जुंपावा लागतो, आणि वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. गवत पिंवळें पडूं लागतें त्या पंधरवड्यांतच थोडी पेंड सुरू करावी. जनावर खंगल्यावर त्याला भरून काढण्यापेक्षां तें खंगूं न देणें नेहमींच स्वस्त पडतें.