घरचं सोयाबीन एकदाच तपासून भागत नाही

दिग्रस : मृगाचा पाऊस पडतो, तिफण चालते, आठ दिवस जातात आणि तासात कुठं दाट रोप, तर कुठं नुसती माती दिसते. मग बांधावर एकच बोल ऐकू येतो, ‘बी तं घरचंच होतं, तपासूनबी पाह्यलं होतं, मंग निंघालं कसं नाही?’ कोरडवाहू शेतकऱ्याला दुबार पेरणी म्हणजे बियाणं आणि मजुरी दुप्पट, शिवाय हंगामाचे दिवस वाया. जून २०२० मध्ये सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती.

तपासलेलं बी दगा देतं, त्याचं एक कारण आपल्या ढिगातच असतं. घरचं सोयाबीन सगळं एका ताकदीचं नसतं. काही उंच वावरातलं, कोरड्यात सोंगलेलं. काही परतीच्या पावसात भिजलेल्या गंजीच्या तळचं. काही थ्रेशर जोरात फिरल्यानं आतून दुखावलेलं. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर त्याच्या अगदी खाली. त्यामुळे कट्टा आपटला तरी मार थेट अंकुराला बसतो. आपण मात्र सारं एकाच ढिगात ओततो. दिसायला दाणा सारखाच.

आता हिशेब करून पाहू. समजा, दोन प्रकारचं बी अर्धं-अर्धं मिसळलं. दिवाळीनंतर चांगल्याची उगवण ९० टक्के, कच्च्याची ५०. मिसळलेल्या ढिगाची ७०. प्रमाणित सोयाबीनलाही किमान ७० टक्केच उगवण लागते, म्हणून आपण निर्धास्त होतो. होळीपर्यंत चांगलं ८८ वर येतं, कच्चं ३० वर, ढीग ५९. मृगाच्या तोंडावर चांगलं ८४, कच्चं २०, ढीग ५२. म्हणजे दिवाळीचा आकडा धरून पेरलं, तर फसगत ठरलेली.

यात आणखी एक मेख आहे. ढिगाची घसरण आधी ११ टक्क्यांची, मग ७ टक्क्यांची. पाहणाऱ्याला वाटतं, बी आता थाऱ्यावर आलं. खरं तसं नाही. कच्चं बी आधीच मेलं, मरायला फारसं उरलं नाही, म्हणून घसरण कमी दिसते. तिकडे चांगल्या बियाची घसरण २ वरून ४ वर गेली, म्हणजे वाढलीच. मिसळलेल्या मालाची सरासरी अशी दोन्हीकडून फसवते.

बियांचं आयुष्य वेगवेगळं असतं याचा जुना दाखला अमेरिकेत आहे. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये मिशिगनला २० बाटल्या जमिनीत पुरल्या. प्रत्येक बाटलीत २१ जातींच्या वनस्पतींचं प्रत्येकी ५० बी होतं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पाहतात. बहुतेक जाती कधीच संपल्या, पण २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतलंही काही बी उगवलं. एकाच दिवशी पुरलेलं बी एकाच दिवशी मरत नाही. कोणतं किती टिकतं, हे पुन्हा पुन्हा तपासल्यावरच कळतं.

आपल्याला बाटल्या पुरायची गरज नाही. वावर, सोंगणी आणि मळणी पाहून कट्टे वेगळे ठेवावेत, त्यावर रंगानं खूण करावी. प्रत्येक खुणेच्या कट्ट्यांतून वर, मध्ये, तळाशी हात घालून दाणे घ्यावेत. निवडून नाही, हाताला येतील ते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून सैल गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडावं. आठव्या दिवशी मूळ-कोंब धड असलेलेच मोजावेत. शंभर दाण्यांची एकच चाचणी खऱ्या आकड्यापेक्षा आठ-नऊनं इकडेतिकडे जाऊ शकते. म्हणूनच प्रयोगशाळेत चारशे दाणे लावतात. घरीही चार गुंडाळ्या करून सरासरी घ्यावी.

ही तपासणी दिवाळीनंतर, होळीला आणि पेरणीच्या पंधरा दिवस आधी, अशी तीनदा करावी आणि आकडे वहीत लिहावेत. पेरणीचा हिशेब मात्र शेवटच्या आकड्यावरच. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो, ६० टक्के भरली तर ३५ किलो. त्याहून खाली गेलेलं बी पेरू नये, बाजारात विकावं.

बियाण्याचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवावा. ओलावा एक टक्क्यानं उतरला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा बीजशास्त्राचा ढोबळ नियम आहे. कट्टे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावेत आणि फार उंच थप्पी लावू नये.

या कामाला पैसा लागत नाही. लागते ती चार गोणपाटं आणि एक वही. कोणता कट्टा तिफणीला अन् कोणता बाजाराला, हे मृगाआधी त्या वहीतच दिसतं.